गिटारचा सोलो गुणगुणता आला पाहिजे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत कॉलेजच्या बँड स्पर्धेची बातमी आली होती, फोटोसकट, आणि बेस्ट गिटारिस्टचं बक्षीस मिळालेल्या मुलाच्या बोटांच्या स्पीडचं त्यात भरभरून कौतुक होतं. मुलगा खरंच तयारीचा आहे, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मी त्या दिवशी तिथेच बसलो होतो आणि त्याची मेहनत मला दिसली. पण त्या बातमीवरून जे मनात आलं ते जरा सविस्तर लिहितोय. जागा असेल तर पूर्ण छापा, नसेल तर मधला रियाझाचा भाग तरी ठेवा, कारण तो मुलांच्या उपयोगाचा आहे.

मी हिंजवडीत नोकरी करतो, गिटार वाजवायला लागून २६ वर्षं झाली, आणि शनिवार-रविवार कोथरूडला घरीच तीन-चार मुलांना शिकवतो. स्पर्धेला माझ्याबरोबर माझी भाची होती, ती फर्स्ट इयरला आहे आणि दोन वर्षं गिटार शिकतेय. सात बँड झाले, सातही जणांनी सोलो घेतले, प्रत्येक सोलो सुरू झाला तोच टॉप स्पीडला आणि संपला पण तिथेच, टाळ्या जोरदार पडल्या. परत येताना नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी तिला सहज म्हटलं, आत्ता ऐकलेल्या सोलोपैकी कुठलाही एक गुणगुणून दाखव. तिने दोन गाण्यांची ध्रुवपदं गुणगुणली, तिसऱ्या बँडच्या कीबोर्डवाल्याने मध्येच वाजवलेला चार सुरांचा एवढासा तुकडा गुणगुणली, आणि मग म्हणाली, "मामा, सोलो एकही आठवत नाहीये." मलाही आठवत नव्हता. अर्धा तास पण झाला नव्हता हो ऐकून.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. सोलो म्हणजे गाण्यातली ती जागा जिथे गायक थांबतो आणि म्हणतो आता तू गा. तिथे गिटारने गायलंच नाही तर मग ती जागा कशासाठी दिली?

याचं मूळ आपण शिकवतो कसं त्यात आहे आणि यात मी स्वतः पण आलो. सोलो शिकायचा म्हटलं की प्रत्येकाला पहिल्यांदा काय दाखवतात, तर ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) बॉक्स, म्हणजे बोटं ठेवायचा ठरलेला चौकोन. सूर पाचच, ए, सी, डी, ई, जी. ए ला सा धरलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपले धानी रागाचे सूर. हा बॉक्स अर्ध्या तासात बोटात बसतो आणि ए मायनरच्या गाण्यावर त्यात कुठेही बोट ठेवलं तरी फारसं वाईट लागत नाही. दुखणं तिथेच आहे. चुकायची भीती नाही म्हणून ऐकायची गरज उरत नाही, मागे कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूर, बदलतायत, गाणं कुठल्या कुठे गेलं, आणि याची बोटं त्याच चौकोनात वर-खाली धावतायत, कारण हातांना आकार पाठ झालाय आणि कानाला कुणी काही विचारलेलंच नाही. मग पुढच्या महिन्यात मेट्रोनोम, म्हणजे लय देणारं टिकटिक यंत्र, ८० वर, नंतर १०० वर, नंतर १२०, आणि पालकांना वाटतं प्रगती चाललीये. मी दोन वर्षं चार मुलांना असंच शिकवलं, त्यातल्या दोघांनी सोडून दिलं, आणि आज मला वाटतं की त्यांना वाजवायला बोटं दिली पण म्हणायला काही दिलंच नाही. याचं वाईट वाटतं.

टॅबचं, म्हणजे गिटारसाठी आकड्यांत लिहिलेल्या नोटेशनचं, पण तेच. नेटवरच्या साध्या टॅबमध्ये कुठल्या तारेवर कितवा फ्रेट एवढंच असतं, सूर किती वेळ धरायचा हे बरेचदा नसतं, आणि श्वास कुठे घ्यायचा हे तर कधीच नसतं.

श्वासावरून आईची गोष्ट सांगतो. ९९-२००० चा सुमार, आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो, दोन खोल्या, मी बाहेरच्या खोलीत बसून कॅसेटवरून ऐकलेलं जोरजोरात वाजवायचो आणि आई आत पोळ्या करायची. ती लग्नाआधी पाच-सहा वर्षं गाणं शिकलेली. एके दिवशी पोळी तव्यावर टाकून दारात आली आणि म्हणाली, "अरे, तू श्वास कधी घेतोस?" मला आधी कळलंच नाही, म्हटलं गिटारला कशाला श्वास लागतो. ती म्हणाली, "मग ऐकणाऱ्याने कधी घ्यायचा?" आणि गेली आत. मी चिडलो होतो हे आठवतंय. पण नंतर एकदा वाजवताना मुद्दाम तोंडाने तेच म्हणत वाजवायचा प्रयत्न केला आणि सात-आठ सेकंदात दम लागला, थांबावंच लागलं, आणि जिथे थांबलो तिथे तो तुकडा पहिल्यांदा तुकडा वाटला, त्याला शेवट आला. आजही मी मुलांना हेच करायला लावतो. वाजवताना आ-कारात बरोबर गा, आवाज कसाही असू दे, कुणाला ऐकवायचा नाहीये. दम संपला की बोटं थांबली पाहिजेत. जॉर्ज बेन्सन हा अमेरिकेतला मोठा जॅझ गिटारिस्ट, तो सोलो वाजवता वाजवता तेच सूर बरोबर गातो, ते एकदा ऐकून बघा, गळा पुढे आणि बोटं त्याच्यामागे म्हणजे काय ते लगेच कळतं.

आता मुलांसाठी प्रत्यक्ष काय करायचं ते लिहितो.

ए मायनर, एफ, सी, जी ही चार कॉर्डची साखळी घ्या, असंख्य गाणी हिच्यावर उभी आहेत, बॅकिंग ट्रॅक, म्हणजे नुसती साथ, यूट्यूबवर हवा तेवढा मिळेल, हळू लयीचा निवडा. प्रत्येक कॉर्डमध्ये तीन सूर असतात आणि त्यातला मधला, म्हणजे थर्ड, सांगतो की कॉर्ड मेजर आहे की मायनर, म्हणजे तिचा स्वभाव त्या सुरात असतो. ए मायनरचा थर्ड सी, एफ चा ए, सी चा ई आणि जी चा बी. हे चारही एकाच तारेवर सापडतात, तिसऱ्या, म्हणजे जी च्या तारेवर पाचवा फ्रेट, दुसरा, नववा आणि चौथा. बस्स. कॉर्ड बदलली की सूर बदलायचा आणि पुढची कॉर्ड येईपर्यंत तो एकच सूर धरून ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. आपल्या सरगममध्ये कोमल ग, सा, प, रे. चारच सूर, स्पीड शून्य, पण वाजवून बघा, मागच्या कॉर्ड एकदम उजळतात, ऐकणाऱ्याला वाटतं की याला गाणं माहितीये.

आणि यातला शेवटचा बी, म्हणजे आपला शुद्ध रे, तो त्या पाच सुरांच्या बॉक्समध्ये नाहीच आहे! एफ कॉर्डचा स्वतःचा एफ, म्हणजे कोमल ध, तोही नाही. म्हणजे बॉक्समध्येच अडकलेल्या मुलाला एफ वर एफ चा मूळ सूर आणि जी वर जी चा सगळ्यात बोलका सूर कधी भेटतच नाही. हे दोन सूर त्या पाचांत मिळवले की आसावरी थाटाचे सात सूर पूर्ण झाले, ज्याला गिटारवाले नॅचरल मायनर म्हणतात. ज्यांच्या घरी कुणी गाणारं आहे त्यांनी हे घरातच विचारावं, पुण्यात गाण्याची पेटी असलेली घरं अजून खूप आहेत.

मग पुढची पायरी, हे चार सूर जोडायचे. पाचव्या फ्रेटवरून दुसऱ्यावर जाताना मधला चौथा घेऊन जा, नवव्याकडे जाताना पाच, सात असे चढत जा, पण कॉर्ड ज्या क्षणी बदलते त्या क्षणी ठरलेल्या सुरावर पोचलेलं असायला हवं. आपल्याकडे समेवर येणं म्हणतात ते हेच. गायक कितीही फिरून आला तरी समेला नेमका भेटतो आणि मंडपातले सगळे मान हलवतात, ती मान सुरांच्या संख्येला हलत नाही, भेटण्याला हलते. मधले सूर दोन घ्या नाहीतर दहा घ्या, भेट चुकवू नका. आणि एकाच तारेवर हे करायचं कारण असं की एका तारेवर सुरांमधलं अंतर हाताला कळतं, लांबचा सूर म्हणजे हात खरोखर लांब न्यावा लागतो, गळ्याला जसे कष्ट पडतात तसे. बॉक्समध्ये लांबचा सूर शेजारच्या तारेवर आयता मिळतो म्हणून त्याची किंमत कळत नाही.

दुसरी गोष्ट बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण स्पर्धेत सात जणांपैकी सहा जणांचे बेंड बेसूर होते, आणि परीक्षकांपैकी कुणीही ते बोलून दाखवलं नाही. तार ओढली की सूर चढतो, पण किती चढवायचा हे ओढणाऱ्याला आधी माहीत पाहिजे. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर डी आहे, म्हणजे म. तो पूर्ण बेंड करून ई वर, म्हणजे प वर न्यायचा, बरोबर दोन फ्रेटचं अंतर. आधी नववा फ्रेट वाजवून तो प ऐका, तोंडाने म्हणा, मग सातव्यावर या आणि ओढून त्याच प ला पोचा, परत नववा वाजवून ताडून बघा. थोडा कमी पडला तर प उतरलेला वाटतो, जास्त गेला तर किंचाळतो. रोज दहा मिनिटं हे एवढंच करा, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका करणारा इफेक्ट, बंद ठेवून, साध्या क्लीन आवाजात, कारण तो जास्त असला की त्या गरगरीत सगळं झाकलं जातं आणि वाजवणाऱ्याचाच कान फसतो.

बेंड म्हणजे मींडच ना शेवटी, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. सतारवाले तार पडद्यावर आडवी ओढून मींड काढतात, आपण फ्रेटवर तेच करतो. तार ओढून सूर फक्त चढतो, उतरती मींड हवी असेल तर न वाजवता आधी तार ओढून ठेवायची, मग छेडायची आणि सोडत यायचं, गिटारवाले त्याला प्रीबेंड म्हणतात. विचार करा, आकाशवाणीवर १९४० पासून जवळपास तीस वर्षं हार्मोनियमला बंदी होती आणि तिच्यावरचा एक मोठा आक्षेप हाच होता की तिच्यात मींड निघत नाही, सूर पट्टीत कापलेले. तरीसुद्धा महाराष्ट्रातल्या पेटीवाल्यांनी त्या कापलेल्या सुरांतून नाट्यपदं अशी गाऊन दाखवली की ऐकताना शब्द ऐकू यावेत. गिटारला तर मींड आहे, फ्रेटच्या मधले सूर आहेत, लांबणारा सूर आहे, व्हायब्रेटो आहे, म्हणजे आंदोलन आहे, एवढं सगळं हातात असून आपण ती टाइपरायटरसारखी वाजवायची?

व्हायब्रेटोबद्दल एवढंच, की तो सूर लागल्यावर थोडं थांबून सुरू करावा आणि गाण्याच्या लयीत हलवावा. सूर लागल्या लागल्या थरथरवला की तो घाबरल्यासारखा वाटतो.

मला माहितीये यावर काही जण म्हणतील की हे रॉक आहे, ब्लूज आहे, इथे तुमचे राग कशाला आणता. माझं म्हणणं रागाचं नाहीच आहे, मी कुणाला गिटारवर ख्याल वाजवा म्हणत नाहीये. बी. बी. किंगचंच बघा ना, मिसिसिपीच्या शेतमजुरांतून आलेला माणूस, ब्लूजमधलं सगळ्यात मोठं नाव म्हटलं तरी चालेल, तो गाताना गिटार वाजवत नसे, एक ओळ गायचा आणि मग त्याची गिटार त्या ओळीला उत्तर द्यायची, दोन-तीन सुरांत. त्याने गिटारला ल्युसिल असं नाव ठेवलं होतं, आणि ऐकताना खरंच वाटतं दोन माणसं बोलतायत. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे, ज्याने वडिलांबरोबर घरी गिटार बनवली आणि जो तार छेडायला पिकऐवजी सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो, त्याचे सोलो लोक गाण्याच्या शब्दांसारखे गुणगुणतात, कारण त्या सोलोंना स्वतंत्र चाल असते, वर त्याच चालीचे दुसरे-तिसरे आवाज चढवलेले असतात. म्हणजे ज्या संगीताचं नाव घेऊन आपण स्पीडची बाजू घेतो त्या संगीतातली मोठी माणसं गाणारीच होती.

आणि गिटारवर गाता येतं हे आपल्या देशात सिद्ध होऊन पण जमाना झाला. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून स्लाइडने, म्हणजे तारेवर कांडी सरकवत, शास्त्रीय संगीत वाजवलं, १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची रेकॉर्ड आली, संतूर, बासरी आणि गिटार, घराघरात गेली ती. पुढे विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं ते पण अशाच आडव्या गिटारीवर, मोहनवीणेवर. उभी गिटार वाजवणाऱ्याला स्लाइडचं सगळं येणार नाही, कबूल, पण ऐकता तर येईल.

आपण पुण्यात राहतो हो. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव इथे होतोय. किराणा घराण्याची गायकी या शहराने पिढ्यान्पिढ्या ऐकली, त्यात गायक एकेका सुराची बढत करतो, दोन-तीन सुरांतच बराच वेळ रमतो, आणि वरचा सा लागेपर्यंत ऐकणारा त्याची वाट बघत बसलेला असतो, म्हणून तो सा लागल्यावर अंगावर काटा येतो. ताना नंतर येतात. मी स्पीडच्या विरोधात अजिबात नाही, भीमसेनजींच्या ताना काय कमी वेगाच्या होत्या का? पण त्या बढतीनंतर यायच्या, तोपर्यंत ऐकणाऱ्याला राग कळलेला असायचा. आपल्या मुलांनी सोलोची पहिली आठ मात्रांची चार आवर्तनं फक्त तीन सुरांत काढून बघावीत. सुरुवात जड जाईल, तीन सुरांत काय करायचं असं वाटेल, मग आपोआप सुचायला लागतं की हाच सूर उशिरा घेऊ, हा दोनदा घेऊ, इथे गप्प बसू, मघाचा तुकडा परत म्हणू पण शेवट बदलून. ध्रुवपद लक्षात राहतं ते परत परत येतं म्हणून, सोलोतला चांगला तुकडा एकदाच वाजवून टाकून द्यायचं काहीच कारण नाही.

आणि याच पुण्याच्या आकाशवाणीवरून १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, वर्षभर, ५६ गाणी, गदिमा आणि बाबूजींची. आई सांगते की आजी रेडिओसमोर बसायची आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना चाल तोंडात असायची, नोटेशन नाही, टॅब नाही, फक्त कान. माझ्या क्लासमध्ये आता पहिल्या महिन्याचा नियम केलाय, प्रत्येकाने घरातल्या कुणालाही आवडणारं एक भावगीत किंवा अभंग ऐकून ऐकून एकाच तारेवर बसवायचा, टॅब बघायचा नाही. शब्द मनात म्हणत वाजवायचं, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर आहे, कुठे हरकत आहे, कुठे आवाज आत घेतलाय हे सगळं बोटात येतं. एका मुलाने दोन आठवडे कुरकुर केली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्या आजोबांनी मला फोन केला की बऱ्याच दिवसांनी नातू काय वाजवतोय ते कळलं.

भाचीने त्या स्पर्धेनंतर तिच्या बँडच्या गाण्यासाठी नवीन सोलो बसवला. आधी फोनवर गाऊन रेकॉर्ड केला, नुसता आ-कार, गिटार न घेता, बाल्कनीत उभं राहून. मग तारेवर शोधला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे आणि त्यात दोन बेंड आहेत, दोन्ही सुरात. आमच्या घरी येऊन तिने तो तीन-चार वेळा वाजवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मेथी निवडत बसली होती आणि तिच्या नकळत तोच तुकडा गुणगुणत होती, मी काही बोललो नाही, ऐकत उभा राहिलो.

आता विनंती तीन जणांना. क्लास चालवणाऱ्या माझ्या मित्रांनो, बॉक्स शिकवा, पण त्याच दिवशी त्याचे सूर गाऊन घ्या, सा कुठला ते मुलाला सांगता आलं पाहिजे. स्पर्धेच्या परीक्षकांना विनंती, मी बघितलेल्या गुणपत्रिकेत गिटारसाठी तंत्र, गती आणि स्टेजवरचा वावर असे तीन रकाने होते, त्यात सुरेलपणा आणि चाल असे दोन रकाने घाला, आणि बेंड बेसूर असेल तर गुण कापा, गायकाचे कापता तसेच. आणि तुम्हाला विनंती, तुमचे वार्ताहर अशा कार्यक्रमांना आवर्जून येतात हे फार चांगलं आहे, पुढच्या वेळी त्यांनी बाहेर पडणाऱ्या दहा मुलांना फक्त एवढं विचारावं की कुठला सोलो आठवतोय, आणि जो आठवला त्याचं नाव छापावं.

डिसेंबरपासून गॅदरिंगचा सीझन सुरू होतो, बँड आत्ताच बसवायला लागलेत. त्याआधी हे पत्र छापलंत तर मुलांना दोन महिने मिळतील.

आपला नम्र,
एक गिटारवादक आणि तुमचा जुना वाचक,
कोथरूड, पुणे